मदत मागणारं पत्र : शिंदे, आंबेडकर आणि आपला अर्ज



मराठीत 'मागणे' या एकाच क्रियापदापासून दोन शब्द निघतात. 'मागणं' म्हटलं की डोळ्यांपुढे पसरलेला हात येतो. 'मागणी' म्हटलं की हक्काची भाषा ऐकू येते. स्कॉलरशिपचा अर्ज या दोन शब्दांच्या मधे कुठेतरी उभा असतो, आणि म्हणूनच तो भरताना आपल्यातल्या बऱ्याच जणांचा हात अडखळतो. फी भरायला घरात पैसे नाहीत हे मैत्रिणीला सांगवत नाही, सरांना तर नाहीच नाही. 'बघू पुढच्या आठवड्यात' म्हणता म्हणता तारीख निघून जाते. मग कॉलेज सुटतं ते गरिबीमुळे सुटलं असं आपण म्हणतो, पण त्यात थोडा वाटा न लिहिलेल्या अर्जाचाही असतो.

आपलं मंडळ साहित्याचं आहे. तेव्हा या पाठात मदतीच्या अर्जाकडे एक लेखनप्रकार म्हणून बघू. ज्यांची चरित्रं आपण अभ्यासाला घेतो, त्यांनी शिकण्यासाठी कशी मदत मागितली, ते आधी पाहू. मग आपला अर्ज कसा लिहायचा आणि कुठे द्यायचा, त्याकडे वळू.

१. वार लावून शिकण्याचे दिवस

शंभर वर्षांपूर्वी गरीब मुलाने शहरात येऊन शिकायचं म्हणजे 'वार लावणं' आलं. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या; सात वारांची सात घरं. ही चाल पुण्यात होती तशी आपल्या धारवाडकडेही होती. कन्नडमध्ये तिला 'वारान्न' म्हणतात. दुसरी वाट माधुकरीची : झोळी घेऊन दारोदार शिजवलेलं अन्न मागायचं. साने गुरुजींसारखा मुलगा शिक्षणाची स्वस्त सोय आहे म्हणून घरापासून लांब औंध संस्थानात जाऊन राहिला.

या सोयींमुळे पुष्कळ मुलं शिकली, हे विसरून चालणार नाही. पण त्यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे वार बहुधा जात बघून मिळायचा. ज्यांना घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत, त्यांना वार कोण देणार? दुसरं म्हणजे सगळं देणाऱ्याच्या मर्जीवर. आज वाढलं, उद्या 'पुढच्या घरी जा' म्हटलं, तर विचारायची सोय नाही.

यावर उपाय म्हणून वसतिगृहं निघाली. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग एकेका समाजासाठी बोर्डिंगं निघत गेली; अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठीचं मिस क्लार्क बोर्डिंग 1908 चं. हेच शाहू महाराज 1890 ते 1894 या काळात आपल्या धारवाडात राहून फ्रेझरसाहेबांच्या हाताखाली शिकले होते. धारवाडच्या मुरुघामठाच्या प्रसादनिलयातही खेड्यांतून आलेल्या कितीतरी मुलांची जेवणाची आणि राहण्याची सोय झाली. वाराच्या जेवणापेक्षा बोर्डिंगचं जेवण वेगळं होतं, कारण तिथे नियम होता. नियम आला की मर्जी कमी होते.

२. जमखंडीचा विठ्ठल

विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म 1873 चा, जमखंडीचा. आज ते गाव बागलकोट जिल्ह्यात येतं. तेव्हा ते पटवर्धनांचं संस्थान होतं. घरात मराठी, गावात कन्नड, म्हणजे आपल्यासारखंच. वडील वारकरी, घरची स्थिती ओढग्रस्तीची. पुढे शिकायचं तर पुण्याला जाणं भाग, आणि पुण्याला जायचं तर पैसे हवेत.

1893 साली ते फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. गंगारामभाऊ म्हस्के यांच्या डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशनची त्यांना मदत झाली. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचाही हातभार लागला. 1898 साली ते बी.ए. झाले. नंतर युनिटेरियन लोकांची शिष्यवृत्ती मिळवून 1901 ते 1903 अशी दोन वर्षं ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात त्यांनी धर्मांचा तौलनिक अभ्यास केला. तिथवर जाण्याचा खर्च पुन्हा सयाजीरावांनी उचलला.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की एका ठिकाणची मदत त्यांना शेवटपर्यंत पुरली नाही. इथे संस्था, तिथे संस्थानिक, पुढे परदेशातला एक पंथ, असे निरनिराळे धागे जोडून त्यांचं शिक्षण पुरं झालं. आजही तसंच असतं. एकाच स्कॉलरशिपमध्ये फी, मेस, पुस्तकं आणि बसभाडं सगळं बसत नाही. जोडाजोड करावी लागते, आणि ती करण्यात कमीपणा काही नाही.

आणखी एक. शिंदे शिकले ते एकटेच पुढे निघून गेले नाहीत. बहीण जनाक्का हिलाही त्यांनी पुण्याला आणून शिकवलं. 1906 साली मुंबईत त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. शाळा आणि वसतिगृहं हे त्याचं मुख्य काम. त्या मिशनची शाखा आपल्या हुबळीतही निघाली. घेतलेल्या मदतीची परतफेड पैशातच करावी लागते असं नाही, हे त्यांच्याकडे बघितलं की कळतं. त्यांचं 'माझ्या आठवणी व अनुभव' हे आत्मचरित्र लायब्ररीत मिळालं तर जरूर वाचा.

३. करार आणि एक पत्र

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणाची गोष्ट आपल्याला ठाऊक असते, पण तिच्यातला पैशाचा भाग आपण घाईने वाचतो. मॅट्रिक झाल्यावर पुढे काय, असा प्रश्न आला तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. दरमहा 25 रुपयांची मदत सुरू झाली आणि एल्फिन्स्टन कॉलेज पुरं झालं. 1913 साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ही शिष्यवृत्ती दानाच्या स्वरूपाची नव्हती. तिच्यासाठी करार झाला होता : शिकून आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. घेणाऱ्यावर बंधन, देणाऱ्यावरही बंधन.

1917 साली ते कराराप्रमाणे बडोद्याला रुजू झाले, पण जातीमुळे त्या शहरात राहायला जागा मिळेना आणि परत फिरावं लागलं. म्हणजे शिष्यवृत्तीने कोलंबियाची पदवी मिळवून दिली, राहायला खोली नाही मिळवून दिली. पैशाच्या मदतीने सगळे प्रश्न सुटतात असं कोणी सांगत असेल, तर त्याला ही हकिकत सांगावी.

लंडनचा अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करायला ते 1920 साली पुन्हा निघाले. मधल्या काळात सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले होते. बाकीचे उसने घेतले. तरी लंडनमध्ये पैसे कमी पडले. 1921 साली त्यांनी तिथून शाहू महाराजांना पत्र लिहिलं आणि 200 पौंड उसने मागितले.

हे पत्र अर्जाचा नमुना म्हणून बघा. माणूस अडचणीत आहे, परक्या मुलुखात आहे, समोर छत्रपती आहेत. तरी पत्रात रडगाणं नाही. चलनाचा भाव घसरल्यामुळे हिशेब चुकला, हे कारण. निम्मे पैसे कायद्याच्या शिक्षणाच्या फीसाठी आणि निम्मे परतीच्या प्रवासासाठी, हा तपशील. आणि परत आल्यावर रक्कम फेडीन, हा शब्द. भाषा आदराची आहे, पण कुठेही लोळण घेतलेली नाही.

त्या पत्रातून चार गोष्टी हाती लागतात :

पहिली, किती पाहिजेत? नेमका आकडा.
दुसरी, का कमी पडले? एक खरं कारण, थोडक्यात.
तिसरी, कशावर खर्च होणार? रकमेची फोड.
चौथी, आपण काय करणार? परतफेड, किंवा अभ्यासाचा शब्द.

या चार प्रश्नांची उत्तरं ज्या अर्जात आहेत, तो अर्ज वाचणाऱ्याला निर्णय घेणं सोपं जातं. अर्जाचं काम तेवढंच असतं.

४. आता आपण लिहू

समजा, बी.ए. पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी आहे. वडील हुबळीच्या एपीएमसीत हमाली करतात, आई घरी शिवणकाम करते. (ही मुलगी आणि पुढचे आकडे उदाहरणापुरते.) तिने आधी असं लिहिलं :

'माझी परिस्थिती अत्यंत हलाखीची आहे. आम्ही फार गरीब आहोत. आपणच माझे मायबाप आहात. तरी कृपा करून माझ्यावर दया करावी व मला फीमध्ये सवलत द्यावी, ही आपल्या चरणी नम्र विनंती.'

यात खोटं काही नाही. पण प्राचार्यांना यातून काय कळलं? सवलत किती, कशासाठी, कधीपर्यंत, काहीच नाही. शिवाय असा अर्ज लिहिल्यावर आपल्यालाच आरशात बघवत नाही. संकोच वाढतो तो अशा भाषेने. आता हेच परत लिहू :

'मी बी.ए. पहिल्या वर्षात शिकते. यंदाची फी 14,200 रुपये आहे. त्यातले 6,000 रुपये मी प्रवेशाच्या वेळी भरले आहेत. वडील एपीएमसीत हमाल आहेत. पाठीच्या दुखण्यामुळे जून ते ऑगस्ट त्यांना काम करता आलं नाही, म्हणून राहिलेले 8,200 रुपये एकदम भरणं शक्य नाही. ते मला तीन हप्त्यांत भरू द्यावेत : ऑक्टोबरमध्ये 3,000, डिसेंबरमध्ये 3,000 आणि फेब्रुवारीत 2,200. राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीचा अर्ज मी भरला आहे. ती रक्कम आधी जमा झाली तर बाकी लगेच भरीन. उत्पन्नाचा दाखला, दवाखान्याचे कागद आणि अर्जाची पावती सोबत जोडली आहे.'

पहिल्या अर्जात 'गरीब' हा शब्द होता, दुसऱ्यात तो एकदाही आला नाही. तरी दुसरा वाचल्यावर घर डोळ्यांपुढे उभं राहतं. वर्गात सर सांगतात ना, 'दुःख झालं' असं लिहू नका, प्रसंग लिहा. तेच इथेही लागू पडतं.

आणखी दोन सूचना. ऑफिसात अर्ज इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये द्यावा लागेल, पण पहिला कच्चा खर्डा मराठीत करा. स्वतःच्या भाषेत हिशेब नीट मांडता येतो. मग भाषांतराला कोणाचीही मदत घेता येते. आणि दुसरं : वाढवून लिहू नका. घरी दुचाकी असेल तर ती लपवण्यात अर्थ नाही. एक गोष्ट खोटी निघाली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

५. कोणत्या दारावर जायचं?

नियम आणि रकमा बदलत असतात, तेव्हा या वर्षीची जाहिरात बघूनच पाऊल उचला. पण दारं कोणती, ते माहीत असावं.

राज्याचं पोर्टल : कर्नाटक सरकारच्या बहुतेक शिष्यवृत्त्या स्टेट स्कॉलरशिप पोर्टलवर, म्हणजे एसएसपीवर, एकाच ठिकाणी भरता येतात. समाजकल्याण, मागासवर्ग कल्याण, अल्पसंख्याक अशी खाती वेगवेगळी असली तरी दार एकच. जात आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून काढायचा. त्यावरचा 'आरडी'ने सुरू होणारा नंबर अर्जात लागतो.

शेतकऱ्यांची मुलं : रैत विद्यानिधी ही योजना 2021 साली सुरू झाली. बी.ए., बी.एस्सी., बी.कॉम. करणाऱ्या मुलांना वर्षाला 5,000 आणि मुलींना 5,500 रुपये अशी तिची रक्कम ठरली. पुढे शेतमजूर, विणकर, मच्छीमार, ऑटो आणि टॅक्सीचालक यांच्या मुलांनाही तिच्यात घेतलं. दुसरी शिष्यवृत्ती मिळते म्हणून ही नाकारली जात नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं.

केंद्राचं पोर्टल : नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर बारावीत आपल्या बोर्डाच्या वरच्या वीस टक्क्यांत आलेल्यांसाठी योजना आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवं. पदवीची पहिली तीन वर्षं दरसाल 12,000 रुपये. नवा अर्ज पहिल्याच वर्षी करायचा असतो, म्हणून फर्स्ट इयरवाल्यांनी कान टवकारावेत.

कामगारांची मुलं : निपाणी भागातून आलेल्यांनी नीट वाचा. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या श्रम खात्याची वेगळी शिष्यवृत्ती आहे. इयत्तेप्रमाणे 1,000 पासून 25,000 रुपयांपर्यंत. आईच्या विडी कामगार कार्डाची किंमत इथे कळते. गवंडी, सेंट्रिंग, रंगकाम करणाऱ्या आईवडिलांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी असेल, तर त्यांच्याही मुलांना शैक्षणिक मदत मिळते. नोंदणी नसेल तर आधी ती करा. त्यासाठी मागच्या वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो.

सरकारी शाळेतल्या मुली : दहावी आणि बारावी सरकारी शाळा-कॉलेजातून झालेल्या मुलींसाठी अझीम प्रेमजी फाउंडेशनची वर्षाला 30,000 रुपयांची शिष्यवृत्ती आहे. कर्नाटकातल्या मुलींनाही ती खुली झाली आहे.

चंदगड, गडहिंग्लजकडून आलेले : तुमचा कायमचा रहिवास महाराष्ट्राचा. केंद्राच्या पोस्ट-मॅट्रिक योजनेत विद्यार्थी ज्या राज्याचा रहिवासी, ते राज्य पैसे देतं. तेव्हा एसएसपीवर वेळ घालवण्याआधी महाडीबीटीवर चौकशी करा.

एक गैरसमजही दूर करू. 'आपण कर्नाटकात मराठी बोलणारे, म्हणजे अल्पसंख्याक, म्हणजे अल्पसंख्याकांची स्कॉलरशिप आपल्याला मिळणार' असं काही जण धरून चालतात. भाषिक अल्पसंख्याक आणि धार्मिक अल्पसंख्याक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही शिष्यवृत्ती मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि जैन या सहा समाजांसाठी असते. घरी मराठी बोलतो एवढ्यावर ती मिळत नाही.

आणि सगळ्यात जवळचं दार म्हणजे आपल्याच कॉलेजचं ऑफिस. हप्ते पाडून घेणं, विद्यार्थी साहाय्य निधी, माजी विद्यार्थ्यांनी ठेवलेली बक्षिसं. यातलं काय उपलब्ध आहे ते विचारल्याशिवाय कळत नाही.

६. अर्ज अडतो तो कुठे?

नावात. आपल्या मराठी घरांत हा घोळ हमखास असतो. एसएसएलसीच्या मार्क्स कार्डावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एकीकडे वडिलांचं पूर्ण नाव, दुसरीकडे नुसतं एक अक्षर. कन्नडमधून इंग्रजीत जाताना 'पाटील'चं स्पेलिंग बदललेलं. कॉम्प्युटरला ही दोन वेगळी माणसं वाटतात. सुट्टीतच सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून नाव जुळवून घ्या.

बँकेत. शिष्यवृत्ती आता थेट खात्यात येते, आणि आधार ज्या खात्याला जोडलेलं आहे त्याच खात्यात येते. खातं आहे पण आधार जोडलेलं नाही, म्हणून मंजूर झालेले पैसे अडकून राहतात. बँकेत जाऊन 'माझं आधार सीडिंग झालंय का?' एवढाच प्रश्न विचारा.

मोबाइलमध्ये. ओटीपी आधारशी जोडलेल्या नंबरवर जातो. तो नंबर गावाकडे भावाच्या फोनात असेल, तर सायबर कॅफेत बसून फोनाफोनी करावी लागते.

आणि तारखेत. शेवटच्या दिवशी साइट हळू चालते हे वेगळं सांगायला नको. अर्ज भरून झाल्यावर कॉलेजकडून पडताळणीही व्हावी लागते. ती झाली की नाही, हे आपणच विचारत राहायचं. पावतीची प्रत फाईलमध्ये जपून ठेवायची.

७. समारोप

शिंदे आणि आंबेडकर यांच्या वेळी मदत मिळवायची तर ओळख लागायची. म्हस्के किंवा केळुसकर गुरुजींसारखा शब्द टाकणारा माणूस भेटला तर वाट उघडायची. न भेटलेले किती हुशार पोरं मागे राहिले असतील, त्यांची चरित्रं कोणी लिहिली नाहीत. आज नियम छापील आहेत, पोर्टल सगळ्यांना उघडं आहे. पण ती फाईल पुढे ढकलायला आजही कोणीतरी लागतं. ज्याच्या घरात कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्याला 'एनओसी' आणि 'बोनाफाईड' यांतला फरक कोण सांगणार?

म्हणून मंडळाच्या सीनियर सभासदांना एक काम सुचवावंसं वाटतं. यंदा ज्यांना स्कॉलरशिप मिळाली, त्यांनी प्रत्येकी एका फर्स्ट इयरच्या विद्यार्थ्याचा अर्ज शेजारी बसून भरून द्यावा. केळुसकर गुरुजींनी केलं ते याहून फार वेगळं नव्हतं.

आणि ज्यांना अजून विचारायचा धीर होत नाही, त्यांच्यासाठी : लंडनहून 200 पौंड मागताना आंबेडकरांची मान खाली नव्हती. तुम्हीही आकडा लिहा, कारण लिहा, सही करा आणि अर्ज वेळेत द्या.

अभ्यासासाठी

1. वार, बोर्डिंग, करार आणि आजची शिष्यवृत्ती या चारांत देणारा आणि घेणारा यांचं नातं कसं बदलत गेलं? प्रत्येकी चार ओळी लिहा.
2. आपल्या घरचा एका महिन्याचा जमाखर्च आईवडिलांना विचारून मांडा. तो कोणाला दाखवायचा नाही. अर्जातला आकडा ठरवायला तो उपयोगी पडेल.
3. 'गरीब', 'हलाखी', 'दया' हे शब्द न वापरता फीच्या हप्त्यांसाठी 100 शब्दांचा अर्ज लिहा आणि मंडळाच्या पुढच्या बैठकीत वाचून दाखवा. नावं बदलली तरी चालतील.